बीपी आणि कोलेस्टेरॉलची एकत्र गोळी : घरातल्या जुन्या पाकिटांचं काय करायचं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मामांसाठी विचारायलेय, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. वय ६८, केज तालुक्यात शेती, अजूनही दोन वेळा रानात चक्कर असतेच. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ बरीच वर्षं सकाळी चालू होती. मग कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून रात्रीची अटोरव्हास्टॅटिन १० लागली. ही रात्रीची हमखास राहायची. जेवण झालं की ओट्यावर गप्पा, तिथंच डोळा लागला की गेली गोळी. म्हणून या खेपेला डॉक्टरांनी दोन्ही औषधं एकाच गोळीत असलेली लिहून दिली, रोज एक.

इथपर्यंत ठीक. पण घरच्या डब्यात आता तीन तऱ्हेची पाकिटं झालीत. मामांचं म्हणणं, नवी गोळी सकाळची, म्हणजे बीपीची. कोलेस्टेरॉलची रात्री वेगळी घ्यायचीच. आत्याबाई म्हणतात, जुन्या बीपीच्या गोळ्या पैसे मोजून आणल्यात, त्या वाया कामून घालवायच्या? त्यात चिठ्ठीवरची गोळी गावात मिळाली नाही. मेडिकलवाल्यानं "कंपनी वेगळी, आतलं सेम" म्हणून दुसरं पाकीट दिलं. त्यावर नावापुढं एटी लिहिलंय. अ‍ॅम्लो आणि अटोर, म्हणजे बरोबरच असेल ना?

शिवाय संध्याकाळी घोटे सुजायलेत आणि मांड्या भरून येतात म्हणतात. पुढची तारीख लांब आहे. यातलं कुणी घेत असेल तर सांगा.

खलबत्ता

ताई, बाकी सगळं मागून बघू. आधी ते एटीचं पाकीट उलटं करा आणि मागं बारीक अक्षरात काय लिहिलंय ते इथं टाका. ब्रँडचं नाव नको, आतलं औषध आणि मिलिग्रॅम.

परभणीत मेडिकल चालवतो म्हणून धास्ती वाटली. बीपीच्या गोळीच्या नावापुढं एटी असलं की ते बहुतेक वेळा अटेनोलोल असतं, अटोरव्हास्टॅटिन नाही. एएम म्हणजे बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, एच म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध. पण ही शेपटं प्रत्येक कंपनी आपल्या मनानं लावते, त्यावर विसंबायचं नसतं.

मांजराकाठ

अटेनोलोल ५० मिग्रॅ, अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ. अटोरव्हास्टॅटिन कुठंच नाही. चार-पाच दिवस झाले घ्यायलेत. आणि आत्ता विचारलं तर कळलं, आत्याबाई दुपारी जुनी अ‍ॅम्लोडिपिन पण देत होत्या.

पांढराकोट

मी फिजिशियन आहे, नांदेडला. मांजराकाठ, तारखेची वाट बघू नका. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा आणि तिन्ही पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवा.

अटेनोलोल वाईट औषध नाही, पण ते नाडी मंद करतं. दमा असेल तर श्वासनलिका आवळू शकते. महिनोन्‌महिने घेणाऱ्यानं ते एकदम सोडायचं नसतं, छातीत दुखणं उसळतं. चार-पाच दिवसांत तशी भीती कमी, तरी बंद कसं करायचं ते त्यांची नाडी बघून त्यांच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. आता मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ५०च्या खाली असेल, चक्कर येत असेल, दम लागत असेल तर फोनवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८.

सुजेचं आणि मांड्यांचं रात्री लिहितो, ओपीडी चालू आहे.

टपरीवरचा

डॉक्टरांनी ओपीडीत बसून प्रतिसाद दिला, हे माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच. समोरचा पेशंट बिचारा जीभ बाहेर काढून बसला असेल.

ताई, नाडी किती आली ते कळवा.

मांजराकाठ

नाडी ५६. दम नाही, दमाही कधी नव्हता. डॉक्टरांशी बोलणं झालं. त्यांनी बोलावून ईसीजी काढला, ठीक आहे म्हणाले. एटीची गोळी बंद, डब्यातली जुनी दोन्ही पाकिटंही बाजूला, आणि मूळ चिठ्ठीवरची गोळी अंबाजोगाईतून घेतली. मागची बाजू मी स्वतः वाचली : अ‍ॅम्लोडिपिन ५, अटोरव्हास्टॅटिन १०. गावातल्या मेडिकलवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला, "लोक एटी म्हणूनच मागतात." बरं.

पांढराकोट

छान झालं. आता राहिलेलं.

घोट्यांची सूज. ही अ‍ॅम्लोडिपिनची जुनी खोड आहे आणि ती डोसवर चालते. २.५ला क्वचित, ५ला थोड्यांना, १०ला बऱ्याच जणांना. मामांच्या पोटात सकाळची ५ आणि दुपारची ५ मिळून रोज १० जात होती, त्यामुळं नवल नाही. होतं असं की हे औषध बारीक रोहिण्या सैल करतं, पण शिरा त्या मानानं सैल होत नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर उभं राहून खाली घोट्यांत उतरतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं. म्हणूनच लघवीच्या गोळ्यांनी ही सूज फारशी हटत नाही आणि मेडिकलमधून तशी गोळी आणून घेण्यात अर्थ नाही. डोस कमी करणं किंवा टेल्मिसार्टनसारखं औषध जोडीला देणं, यानं फरक पडतो. ते डॉक्टरांचं काम.

मात्र प्रत्येक सुजेचं खापर गोळीवर फोडू नका. एकच पाय सुजून दुखत असेल, सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं असेल, आडवं पडलं की दम लागत असेल, लघवी कमी झाली असेल, तर ते वेगळं प्रकरण आहे आणि लगेच तपासायला हवं.

मांड्या. अटोरव्हास्टॅटिननं स्नायू दुखू शकतात. सहसा दोन्ही बाजूंनी, मांड्या-खांद्यांसारख्या मोठ्या स्नायूंत, औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही आठवड्यांत. गुडघा दुखणं म्हणजे ते नव्हे. मामांच्या बाबतीत तर गंमतच आहे : एटीच्या गोळीत अटोर नव्हतंच, तेव्हा रात्रीची जुनी गोळी ते घेत होते का, हे आधी विचारा.

२०२० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन, म्हणजे अटोरसारखं कोलेस्टेरॉलचं औषध, सोडून दिलेली ६० माणसं घेतली. त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने अगदी तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदवला गेला, त्यातला सुमारे ९० टक्के पोकळ गोळीवरही झाला. त्रास खोटा होता असं नाही, तो होतच होता. पण बहुतेकांत तो औषधातून येत नव्हता.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. अंगदुखीबरोबर जिना चढवेना, हात वर उचलवेना इतका अशक्तपणा आणि लघवी काळ्या चहासारखी, असं झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. हे फार क्वचित होतं, पण झालं तर मूत्रपिंडाला धक्का बसतो.

करडई

सगळं वाचलं. माझं स्पष्ट मत सांगतो, रुचणार नाही. आमचे आजोबा ज्वारीची भाकर, लसणाचा ठेचा आणि घाण्यावरचं करडईचं तेल खाऊन नव्वदीपार गेले, गोळी माहीत नव्हती. आता पन्नाशीत प्रत्येकाच्या खिशात पाकीट. कोलेस्टेरॉल वाढलेलं माणसाला कळत पण नाही, मग त्यासाठी जन्मभर गोळी? एकदा लागली की सुटत नाही. आता तर एकात दोन. उद्या एकात पाच काढतील.

टपरीवरचा

+१ भाकर-ठेच्यापुरतं. आजोबांनी कधी बीपी मोजलं होतं का पण?

पांढराकोट

करडई, एकात चार-पाच आधीच निघालीय. त्याला पॉलिपिल म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे, म्हणून आकडे देतो. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला अ‍ॅस्कॉट नावाचा अभ्यास : बीपी असलेली, शिवाय हृदयविकाराची आणखी काही जोखीम असलेली, पण कोलेस्टेरॉल फार न वाढलेली सुमारे १०,३०० माणसं. बीपीची औषधं सगळ्यांना. त्याउप्पर निम्म्यांना अटोरव्हास्टॅटिन १०, निम्म्यांना पोकळ गोळी. सव्वातीन वर्षांत हार्ट अटॅक किंवा हृदयविकारानं मृत्यू : पोकळ गोळीवाल्यांत १५४, औषधवाल्यांत १००. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त घट, आणि म्हणून तो भाग मुदतीआधीच थांबवला. हेच उलटं मांडलं तर तेवढ्या काळात शंभरातल्या साधारण एकाचा अटॅक टळला. दोन्ही आकडे खरे आहेत. कंपनीचा माणूस पहिला सांगतो, तुमच्यासारखा दुसरा. मी पेशंटला दोन्ही सांगतो. ज्याला आधीच अटॅक येऊन गेलाय किंवा साखर आहे, त्याच्यासाठी पारडं आणखी गोळीकडं झुकतं. तिशीतल्या धडधाकट पोराला एका रिपोर्टवरून मी ती सुरू करत नाही.

सवय लागण्याचं म्हणाल तर तसं काही नसतं. गोळी सोडली की आत दडलेलं बीपी काही दिवसांत परत वर येतं, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, काही आठवड्यांत. म्हणूनच "रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद करू" यात फसगत आहे. तो रिपोर्ट गोळीमुळंच नॉर्मल आलेला असतो.

करडईच्या तेलाला माझा विरोध नाही. ठेच्यातल्या मिठाला आहे. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक छोटा चमचा.

करडई

शंभरातला एक, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. विचार करतो. ठेच्यावर तडजोड नाही.

गुरुजी_जालनेकर

मी हीच जोडगोळी घेतो. माझे तीन प्रश्न. मी सकाळी घेतो, पण शेजारी म्हणतात कोलेस्टेरॉलची रात्रीच घ्यावी. दुसरं, तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी जायचं असतं, तेव्हा गोळी घ्यावी का? तिसरं, पाकिटातल्या चिठोऱ्यावर लिंबूवर्गीय कुठल्याशा फळाचा रस टाळा असं लिहिलंय. आमच्या दारात मोसंबीची बाग आहे हो!

खलबत्ता

गुरुजी, रात्रीचा नियम सिमव्हास्टॅटिनसारख्या जुन्या, लवकर ओसरणाऱ्या औषधांचा. अटोरव्हास्टॅटिनचा अंमल जवळपास दिवसभर टिकतो आणि अ‍ॅम्लोडिपिन तर शरीरातून निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास घेते. त्यामुळं सकाळ-रात्र, जेवणाआधी-नंतर, काहीही चालतं. वेळ रोज एकच ठेवा. रोजावाल्यांना सहेरी किंवा इफ्तार, एकादशीवाल्यांना पाण्याबरोबर. अडचण काही नाही.

राहिली तर? आठवली की घ्या. पण १२ तास उलटून गेले असतील तर ती सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशीची वेळेवर घ्या. कालची आणि आजची मिळून दोन घ्यायच्या नाहीत.

तपासणीच्या दिवशीही गोळी नेहमीसारखी पाण्याबरोबर घ्या. लोक उपाशी म्हणून गोळी टाळतात, बीपी चढलेलं दिसतं आणि डॉक्टर बिचारे औषध वाढवून देतात. साखरेच्या गोळीचं वेगळं, ती विचारून. कोलेस्टेरॉलसाठी बऱ्याचदा उपाशी राहायचीही गरज नसते, लॅबला आधी विचारा.

आणि ते फळ म्हणजे ग्रेपफ्रूट, आपल्याकडं सहसा मिळत नाही. त्याचा रस भरपूर प्यायला तर अटोरव्हास्टॅटिन रक्तात साठतं. पपनस त्याच्या जवळचं, त्याचा रस रोज पेलाभर नको. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि माझ्याकडून अभयदानही.

टपरीवरचा

मग माझंही ऐका. हीच एकत्र गोळी मला चालू आहे. उन्हाळ्यात जांघेत गजकर्ण उठलं. मेडिकलमधून मलम आणलं, गेलं नाही. मग तिथूनच "पॉवरफुल कॅप्सूल" दिली, इट्राकोनॅझोल. पंधरवड्यात दोन्ही मांड्या अशा भरून आल्या की मोटारसायकलला किक मारवेना. मी म्हटलं, उसाला पाणी दिल्यामुळं असेल. दुसऱ्याच कामाला डॉक्टरांकडं गेलो तर त्यांनी कॅप्सूलचं पाकीट बघून डोक्याला हात लावला.

पांढराकोट

टपरीवरचे, हे उदाहरण खऱ्या दुखण्यावरचं आहे. आपल्याकडं घामानं गजकर्ण घरोघरी आणि इट्राकोनॅझोल चॉकलेटसारखं मिळतं. अटोरव्हास्टॅटिन आणि अ‍ॅम्लोडिपिन, दोघांनाही यकृतातलं एकच एन्झाइम मोडतं. इट्राकोनॅझोल ते एन्झाइम अडवतं. मग दोन्ही औषधं रक्तात चढतात : एकीकडं स्नायू दुखतात, दुसरीकडं बीपी नको तितकं उतरून चक्कर येते. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिकही हेच करतं.

अशा वेळी एरवी आम्ही कोर्सपुरतं स्टॅटिन थांबवतो. पण गोळी एकत्र असेल तर नुसतं स्टॅटिन थांबवता येत नाही. गोळी थांबली की बीपीचं औषधही थांबतं. तेवढ्यापुरती सुटी अ‍ॅम्लोडिपिन लिहून द्यावी लागते, किंवा गजकर्णासाठी दुसरं औषध निवडावं लागतं. माझा एकत्र गोळीबद्दलचा एकमेव खरा आक्षेप हाच आहे. अर्ध्या गोळीचंही तेच. "बीपी कमी आलं, अर्धी करून घेतो" म्हणणारे खूप आहेत. अर्धी केली की कोलेस्टेरॉलचं औषधही अर्धं होतं आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही. डोस अजून बसलेला नसेल तोवर मी सुट्या दोन गोळ्याच देतो. दोन्ही डोस स्थिर झाले, पेशंट विसरभोळा असला, की मग एकत्र.

दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडं, दाताच्याही, गेलात तरी पाकीट समोर ठेवा. दिवस राहिलेल्या किंवा राहण्याची शक्यता असलेल्या बाईनं आणि यकृताचा आजार चालू असलेल्यानं हे आधीच सांगायचं, त्यांना ही गोळी सहसा देत नाहीत.

खलबत्ता

याला जोडून. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी कागदात बांधून मिळणाऱ्या पुड्या. बाजाराच्या दिवशी घेतात, दोन दिवसांत पळायला लागतात. त्यात काय असतं ते लिहिलेलं नसतं. बऱ्याचदा स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखं दुखण्याचं औषध निघतं. दोन्हींनी बीपी चढतं. इकडं डॉक्टर गोळी वाढवायलेत, तिकडं पुडी चालूच. गिऱ्हाइकाला विचारलं तर म्हणतो, "ते औषध नाही हो, जडीबुटी हाय."

आणि पट्टी कापून घेताना औषधाचं नाव आणि मुदत असलेला तुकडा माझ्यासारख्याकडंच राहतो, हे आमच्या धंद्याचं पाप. पूर्ण पट्टी मागा. आम्ही कुरकुरतो, पण देतो.

कोयता

आमी धारूर तालुक्यातले. दिवाळी झाली की आई-दादा ऊसतोडीला जातात, सहा महिने. दादाला बीपी अन कोलेस्टेरॉल दोन्ही. इथून महिन्याच्या गोळ्या नेतेत, त्या संपल्या की तिकडं कोण बघतंय. पहाटं तीनला फडात, गाडी भरून यायला रात. मागल्या साली कारखान्यावर चक्कर येऊन पडले, बीपी २००च्या वर गेलतं. मुकादम म्हनला, उन्हानं झालं. ही एकत्र गोळी त्यांना बरी का? अन कोपीत ठेवायची कुठं, वरून प्लास्टिक, लई तापतंय.

पांढराकोट

कोयता, अशाच माणसासाठी एकत्र गोळीचा खरा उपयोग. दोन वेळा सांभाळण्यापेक्षा पहाटे चहाबरोबर एक. पण सुट्या दोन गोळ्याही एकाच वेळी घेतल्या तर परिणाम तोच, हेही लक्षात ठेवा. एकत्र मिळाली नाही म्हणून औषध तोडायचं नाही. अ‍ॅम्लोडिपिन बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोफत असते, तिकडच्या गावातही.

निघण्याआधी बीपी मोजून घ्या, डॉक्टरांना मुक्काम किती ते सांगा आणि जास्त दिवसांचं लिहून मागा. मामुली मागणी आहे, पण कुणी करत नाही. दादांना लघवीची गोळीही असेल तर फडातल्या उन्हाचा उल्लेख नक्की करा, त्या गोळीनं अंगातलं पाणी-मीठ आणखी कमी होतं. एकट्या अ‍ॅम्लोडिपिनचं तसं नाही.

तोंड एका बाजूला वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं किंवा छातीत दाबल्यासारखं होणं, यातलं काही झालं तर मुकादमाला विचारत बसू नका. १०८.

खलबत्ता

गोळ्या पट्टीतच ठेवा, सुट्या काढून डबीत भरू नका. पट्टी झाकणाच्या डब्यात, डबा कपड्यांच्या पेटीत तळाला. चुलीजवळ, गाडीच्या डिक्कीत, छपराच्या वळचणीला नको. अन पाण्याच्या माठाजवळही नको, ओल लागते.

पट्टीच्या मागच्या बाजूचा आणि चिठ्ठीचा फोटो आईच्या फोनमध्ये टाकून द्या. तिकडच्या मेडिकलमध्ये ब्रँड मिळणार नाही, पण आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दाखवलं की जनऔषधी केंद्रातही मिळतं, तेही बरंच स्वस्त. देणाऱ्यानं दिलेल्या पाकिटाचं मागचं आणि फोटोतलं अक्षर न् अक्षर जुळवायचं.

कोयता

आईला वाचता येत नाही. बहीण असती संगं, सातवीला हाय, तिला शिकवतो. जुळवायला तिला जमंल. तिची शाळा बुडती ते वेगळं.

मांजराकाठ

तिला आधी मोठा फोटो काढून पट्टीवरचं नाव वाचून दाखवायला सांगा, मी मामांच्या नातवाकडून तसंच करून घेतलं. आणि साखरशाळेचं, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेचं, बघा जमलं तर, काही कारखान्यांवर असते.

मामा आता एकच गोळी घ्यायलेत. रात्रीची जुनी अटोर ते त्या दिवसांत घेत होते का विचारलं, तर म्हणाले, "आठवन आली त्या दिवशी." म्हणजे मांड्यांचं कोडं तसंच आहे. डॉक्टरांनी थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलंय, रिपोर्ट सोमवारी.